वृद्ध मांजराचा आहार : प्रथिनांच्या गरजेचा पुनर्विचार

मराठी भाषेत मांजर आणि दूध यांची सांगड इतकी पक्की आहे की, डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणीतच जाऊन बसले आहे. घरोघरी मांजराच्या पुढ्यात ठेवली जाणारी वाटीही पुष्कळदा दूधभाताची किंवा दूधपोळीची असते. तरुण मांजर या वाटीवर पोसले जाते असे वरकरणी दिसते. परंतु त्याच्या गरजेचा मोठा भाग ते उंदीर, पाली, पाखरे आणि स्वयंपाकघरातील मासळीचे तुकडे यांतून परस्पर भागवीत असते. मांजर म्हातारे झाले की शिकार सुटते, दात दुखू लागतात, उंचावर उडी घेणे जमेनासे होते, आणि समोर ठेवलेली वाटी हाच त्याचा एकमेव आधार उरतो. नेमक्या याच वेळी 'म्हातारपणी अन्न हलके असावे' हा मानवी व्यवहारातील न्याय त्याला लावला जातो आणि मांस-मासळीचा वाटा कमी करण्यात येतो. डबाबंद किंवा कोरडे खाद्य देणाऱ्या घरांतही वृद्ध मांजराच्या मूत्रपिंडांना जपण्यासाठी प्रथिने कमी करावीत, असा सल्ला दीर्घकाळ रूढ होता.

हा सल्ला कितपत ग्राह्य आहे, हा प्रश्न केवळ प्राणिपालनाचा नाही. एखाद्या पोषकद्रव्याची 'किमान गरज' ठरविताना कोणती कसोटी वापरावी, हा पोषणशास्त्रातील मूलभूत प्रश्न त्यात गुंतलेला आहे. कसोटी बदलली की उत्तर किती बदलते, याचे वृद्ध मांजराचा आहार हे बोलके उदाहरण आहे.

मांसाहारी शरीराची बंधने

मांजर मांस खाते, एवढे म्हणणे अपुरे आहे. कुत्राही मांस खातो; पण धान्यप्रधान अन्नावर तो निभावून नेऊ शकतो. मांजराचे शरीर मांसाखेरीज अन्य अन्नातून काही आवश्यक द्रव्ये घडवूच शकत नाही. पाळीव मांजराचा उगम पश्चिम आशियातील रानमांजरापासून झाला, हे कार्लोस ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली जनुकीय पुराव्यावरून दाखविले. या पूर्वजाचे अन्न म्हणजे लहान सस्तन प्राणी व पक्षी. ज्या द्रव्यांचा अशा अन्नातून सतत पुरवठा होत होता, ती शरीरात तयार करण्याची यंत्रणा मांजराच्या वंशात क्षीण झालेली आढळते.

टॉरीन हे त्याचे पहिले उदाहरण. मांजराच्या यकृतात टॉरीन घडविणाऱ्या विकरांची क्रियाशीलता अत्यल्प असते. आणि पित्ताम्लांच्या संयोगासाठी मात्र ते टॉरीनखेरीज दुसरे कोणतेही द्रव्य वापरू शकत नाही. त्यामुळे टॉरीनचा व्यय अखंड चालू राहतो व त्याची भरपाई अन्नातूनच करावी लागते. टॉरीनच्या अभावी मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे के. सी. हेज आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केले. पुढे १९८७ साली पॉल पायन व सहकाऱ्यांनी हृदयाचे स्नायू दुबळे होऊन ते फुगण्याचा विकार रक्तातील टॉरीनच्या न्यूनतेशी निगडित असल्याचे आणि टॉरीन दिल्यावर तो पुष्कळ अंशी बरा होत असल्याचे दाखविले. तेव्हापासून तयार मांजरखाद्यात टॉरीनचे प्रमाण वाढविण्यात आले.

आर्जिनीन या अ‍ॅमिनो आम्लाची गोष्ट याहूनही तातडीची आहे. ते वगळलेले एकच जेवण उपाशी मांजराला दिले असता काही तासांत रक्तातील अमोनिया वाढून विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, असे जेम्स मॉरिस व क्विंटन रॉजर्स यांनी १९७८ साली नोंदविले. याशिवाय कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व आणि ट्रिप्टोफॅनपासून पुरेसे नायसिन बनविणे मांजराला साधत नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक त्याच्या ठायी निकामी झालेले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. दुधाकडे मांजर ओढले जाते ते त्यातील स्निग्धांशामुळे व प्रथिनांमुळे. साखरेच्या गोडीमुळे नव्हे. प्रौढ मांजरात दुग्धशर्करा पचविणारे विकर पुष्कळ घटलेले असते. म्हणून अधिक दूध पाजल्यास अनेक मांजरांना हगवण लागते.

प्रथिनांच्या प्रश्नाशी सर्वांत निकटचा संबंध असलेली गोष्ट याहून निराळी आहे. उंदीर किंवा माणूस यांना कमी प्रथिनांचे अन्न मिळू लागले की, अ‍ॅमिनो आम्ले जाळून टाकणारी यकृतातील विकरे मंदावतात आणि शरीर काटकसर करू लागते. प्रौढ मांजरात ही जुळवणूक फारशी होत नाही, असे रॉजर्स, मॉरिस आणि फ्रीडलंड यांच्या १९७७ सालच्या प्रयोगांत आढळले. नंतरच्या संशोधनाने या निष्कर्षात थोडी दुरुस्ती केली आहे. प्रथिने मुबलक असताना मांजर त्यांचे ज्वलन कमी-अधिक करू शकते. परंतु एका मर्यादेखाली त्याला काटकसर साधत नाही. ही मर्यादा सर्वभक्षक प्राण्यांच्या मानाने बरीच वर आहे. त्या मर्यादेखाली अन्नातून न मिळालेली प्रथिने मांजर आपल्या स्नायूंतून काढते.

वार्धक्यात होणारे पालट

पशुवैद्यकांच्या संघटनांनी अलीकडे रूढ केलेल्या विभागणीप्रमाणे ७ ते १० वर्षांचे मांजर प्रौढ-परिपक्व आणि १० वर्षांवरील मांजर वृद्ध समजले जाते. घरात जपलेले मांजर १५ वर्षांपर्यंत जगणे आता अपूर्वाईचे राहिलेले नाही.

या काळात शरीराची गरज एका दिशेने सरकत नाही, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. मध्यम वयात हालचाल घटते, ऊर्जेची गरज उतरते आणि नेहमीचेच अन्न अंगी लागून मांजर लठ्ठ होते. सुमारे ११ वर्षांनंतर मात्र ही गरज शरीरभाराच्या मानाने पुन्हा वाढू लागते. माणसात किंवा कुत्र्यात हा उलटा चढ सहसा दिसत नाही. पचनशक्तीतील घट हे त्याचे एक कारण होय. १२ वर्षांवरील मांजरांपैकी सुमारे एक-तृतीयांश मांजरांत स्निग्ध पदार्थांचे पचन उणावलेले असते, आणि १४ वर्षांवरील सुमारे एक-पंचमांश मांजरांत प्रथिनांचे. अर्थात अशी मांजरे पूर्वीइतके खाऊनही कमी पोसली जातात. आतड्यांच्या दीर्घकालीन विकारात ब१२ जीवनसत्त्वाचे शोषणही मंदावते आणि भूक आणखी मंद होते.

याच्या जोडीला वार्धक्यातील व्याधी असतात. थायरॉईड ग्रंथीचा अतिस्राव हा मांजराचा विकार १९७९ च्या सुमारास प्रथम वर्णिला गेला. आज तो वृद्ध मांजराच्या नेहमीच्या व्याधींपैकी एक समजला जातो. त्यात मांजर खादाड होते आणि तरीही झडत जाते. सांध्यांची झीज तर जवळजवळ सार्वत्रिक आहे. १२ वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात ९० मांजरांत अशा झिजेच्या खुणा सापडल्या. मान वाकवून खाणे किंवा अन्नापर्यंत उडी मारून जाणे ज्याला दुखते, ते मांजर 'भूक नाही' असे दिसते. दातांच्या मुळांशी होणारी झीज आणि हिरड्यांचे दाह यांचाही परिणाम हाच.

तेव्हा मध्यम वयातील लठ्ठपणा आणि उतारवयातील कृशता या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिलीसाठी योग्य असलेला अन्नकपातीचा उपाय दुसरीत चालू ठेवला, तर तो अपायकारक ठरतो. 'ज्येष्ठ मांजरांसाठी' असे वेष्टनावर छापलेले असले, तरी त्यावरून अन्नघटकांविषयी निश्चित काही समजत नाही. अमेरिकेतील पशुखाद्य-नियामक अधिकाऱ्यांच्या संघटनेने वाढीसाठी व प्रजननासाठी एक आणि प्रौढांच्या निर्वाहासाठी एक अशी दोनच प्रमाणे ठरविली आहेत. वृद्धांसाठी स्वतंत्र प्रमाण नाही.

किमान गरज कशाने मोजावी

प्रथिनांची किमान गरज ठरविण्याची जुनी व सर्वमान्य पद्धती म्हणजे नत्र-समतोल. अन्नातून शरीरात गेलेला नत्र आणि मलमूत्रातून बाहेर पडलेला नत्र समसमान झाले की प्रथिनांची गरज भागली, असे या पद्धतीत मानले जाते. पद्धती सुटसुटीत आहे. परंतु तिच्यात एक उणीव आहे. समतोल साधला एवढेच ती सांगते. तो समतोल शरीराच्या कोणत्या पातळीवर साधला, हे ती सांगत नाही. जमाखर्च जुळणारा संसार संपन्न असू शकतो आणि दरिद्रीही असू शकतो. प्रथिने अपुरी पडू लागली की शरीर काही स्नायू गमावते; स्नायू कमी झाले की त्यांच्या डागडुजीचा खर्च कमी होतो; आणि खालच्या पातळीवर जमाखर्च पुन्हा जुळतो. या स्थितीतील प्राणी नत्र-समतोलाच्या दृष्टीने निर्दोष ठरतो.

हा फरक डॉरोथी लाफ्लाम आणि स्टीव्हन हॅना यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आकड्यांनी स्पष्ट झाला. २४ प्रौढ मांजरांना प्रथिनांची प्रमाणे भिन्न असलेली तीन खाद्ये दोन महिने देऊन त्यांनी दोन्ही कसोट्या एकाच वेळी लावल्या. नत्र-समतोल राखण्यास दर किलोग्रॅम शरीरभारामागे दररोज १.५ ग्रॅम प्रथिने पुरली. परंतु मेदविरहित शरीरभार, म्हणजे मुख्यतः स्नायू, टिकवून धरण्यास ५.२ ग्रॅम लागली. एकाच प्राण्याची गरज कसोटी बदलताच तिपटीहून अधिक झाली. हे संशोधक एका खाद्य-उत्पादक संस्थेच्या प्रयोगशाळेतील होते आणि प्रयोगातील मांजरे वृद्ध नव्हेत तर प्रौढ होती, या दोन गोष्टी निष्कर्ष वापरताना विसरता कामा नयेत. तथापि वृद्ध मांजराची पचनशक्ती प्रौढापेक्षा कमी असते, हे लक्षात घेता त्याची गरज या आकड्याहून कमी असेल, असे मानण्यास आधार दिसत नाही.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ साध्या गणिताने उलगडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ साली दिलेल्या सूत्राप्रमाणे सडपातळ प्रौढ मांजराची दैनिक ऊर्जा काढण्यासाठी किलोग्रॅममधील वजनाच्या ०.६७ व्या घाताला १०० ने गुणावे. ४ किलोग्रॅम वजनाच्या मांजराला त्यानुसार सुमारे २५३ किलोकॅलरी लागतात. नियामक प्रमाणानुसार प्रौढ मांजराच्या खाद्यात दर १००० किलोकॅलरींमागे किमान ६५ ग्रॅम प्रथिने असावी लागतात. अगदी या किमान मर्यादेवर बनविलेले खाद्य पुरते खाल्ले, तर या मांजराला दिवसाला १६.४ ग्रॅम प्रथिने मिळतील. नत्र-समतोलाच्या हिशेबाने ६ ग्रॅम पुरतात. म्हणून हे खाद्य उदारच म्हणावे लागेल. स्नायू टिकविण्याच्या हिशेबाने मात्र २०.८ ग्रॅम हवीत; म्हणजे तेच खाद्य अपुरे ठरते. मांजराची भूक मंदावून ते २०० किलोकॅलरींवर आले, तर पुरवठा १३ ग्रॅमांवर उतरतो.

दूधभाताची स्थिती याहून वाईट आहे. शिजलेला भात व दूध या दोहोंतही प्रथिनांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास असते. २०.८ ग्रॅम प्रथिने मिळविण्यासाठी ४ किलोग्रॅमच्या मांजराने दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम दूधभात खावा लागेल. एवढे त्याच्या पोटात मावणार नाही. आणि मावले तरी गरजेच्या अडीचपट उष्मांक पोटात जातील. शिवाय भातात टॉरीन जवळजवळ नसतेच आणि गाई-म्हशींच्या दुधात ते अत्यल्प असते.

मूत्रपिंडविकाराचा आक्षेप

वरील विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार हा वृद्ध मांजराचा सर्वांत मोठा शत्रू आहे. दहा वर्षांवरील मांजरांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मांजरांना तो जडतो असे मानले जाते, आणि पंधरा वर्षांनंतर हे प्रमाण पुष्कळ वाढते. मग अधिक प्रथिने देऊन मूत्रपिंडांवर भार का टाकावा?

या आक्षेपाचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९८२ साली बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी अशी उपपत्ती मांडली की, प्रथिनयुक्त आहाराने मूत्रपिंडातील गाळणीचा दाब वाढतो व त्यामुळे मूत्रपिंडाचा ऱ्हास वेगाने होतो. तिचा प्रायोगिक आधार मुख्यतः उंदरांवरील निरीक्षणांचा होता. ही उपपत्ती मांजरांच्या आहारशास्त्रात आली आणि विकार नसलेल्या वृद्ध मांजरांनाही प्रतिबंधक म्हणून लागू करण्यात आली. मूत्रपिंडाचा काही भाग शस्त्रक्रियेने काढलेल्या मांजरांवरील आरंभीच्या एका प्रयोगात अधिक प्रथिनांनी इजा वाढल्याचे दिसले खरे. परंतु १९९८ साली डेल्मर फिंको व सहकाऱ्यांनी प्रथिने आणि उष्मांक यांचे परिणाम वेगवेगळे तपासले, तेव्हा प्रथिनांच्या आधिक्याने इजा वाढल्याचे आढळले नाही. निरोगी वृद्ध मांजराची प्रथिने कमी केल्याने मूत्रपिंडविकार टळतो, असा समाधानकारक पुरावा उपलब्ध नाही.

विकार प्रत्यक्ष जडल्यानंतरची गोष्ट निराळी आहे. लंडनमधील राजकीय पशुवैद्यक महाविद्यालयातील जोनाथन एलियट आणि सहकाऱ्यांनी २००० साली ५० रुग्ण मांजरांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मूत्रपिंडविकारासाठीचे विशेष खाद्य ज्यांनी स्वीकारले, त्यांचे मध्यक आयुर्मान ६३३ दिवस, तर ज्यांना ते देता आले नाही, त्यांचे २६४ दिवस भरले. येथे तुलनेसाठीचा गट चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता. ज्यांनी खाद्य नाकारले, तीच मांजरे त्या गटात होती; आणि अन्न नाकारणारे मांजर मुळातच अधिक आजारी असण्याचा संभव असतो. हा दोष २००६ साली शेरी रॉस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने दूर केला. त्यांनी ४५ मांजरांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली आणि कोणाला कोणते खाद्य मिळते हे निरीक्षकांपासून गुप्त ठेवले. दोन वर्षांत नेहमीच्या खाद्यावरील २६ टक्के मांजरांना मूत्रविषारतेचे झटके आले. विशेष खाद्यावरील एकाही मांजराला तसा झटका आला नाही.

परंतु या विशेष खाद्यात केवळ प्रथिनेच कमी नसतात. स्फुरद कमी असतो, मासळीच्या तेलातील स्निग्धाम्ले अधिक असतात, आणि अन्नाची आम्लता सौम्य केलेली असते. या सर्वांचा लाभ एकट्या प्रथिनकपातीच्या नावे जमा करणे शास्त्राला धरून होणार नाही. यांपैकी स्फुरद-नियंत्रणाच्या बाजूचा पुरावा सर्वांत बळकट आहे. मांस हे प्रथिनांचे आणि स्फुरदाचेही भांडार असल्यामुळे एक घटविताना दुसरे घटते, आणि म्हणूनच हा घोटाळा इतकी वर्षे टिकला.

त्यातून निघणारा नियम असा सांगता येईल : निदान झालेल्या मूत्रपिंडविकारात, विकाराचा टप्पा पाहून, पशुवैद्याच्या देखरेखीखाली स्फुरद नियंत्रित करावा आणि प्रथिने माफक ठेवावीत, निदान नसताना केवळ वयाकडे पाहून प्रथिने कमी करू नयेत. विशेष खाद्य मांजराने नाकारल्यास त्याला उपाशी ठेवून वळण लावण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. काही दिवसांचा उपवास घडताच मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात मेद साचून जिवावर बेतते.

वजनाचा पुरावा

विकाराची चाहूल वेळेवर कशी लागावी, या प्रश्नाचे उत्तर तराजूत आहे. लिसा फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मूत्रपिंडविकार झालेल्या ५६९ मांजरांच्या वजनाच्या जुन्या नोंदी तपासल्या. निदानाच्या तीन वर्षे आधीपासूनच त्यांचे वजन उतरू लागले होते. आणि निदानापूर्वीच्या एका वर्षात शरीरभाराची मध्यक घट ८.९ टक्के होती.

४ किलोग्रॅमच्या मांजराच्या बाबतीत ही घट वर्षाला सुमारे ३५६ ग्रॅम, म्हणजे महिन्याला ३० ग्रॅमांच्या आसपास येते. केसाळ प्राण्याच्या अंगावरची एवढी घट रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही. लहान मुलांचे वजन करण्याच्या काट्यावर महिन्यातून एकदा वजन करून ते तारखेसह लिहून ठेवले, तर तीन-चार नोंदींत उतार स्पष्ट होतो. १०० ग्रॅमांची घट क्षुल्लक वाटते. परंतु ४ किलोग्रॅमच्या प्राण्याला ती अडीच टक्के, म्हणजे ६० किलोग्रॅमच्या माणसाला दीड किलोग्रॅम होय.

वजनासोबत स्नायूंचीही पाहणी करावी लागते. मेद आणि स्नायू स्वतंत्रपणे घटतात. लोंबते पोट असलेल्या मांजराचाही पाठीचा कणा हाताला टोचू शकतो. कणा, खांद्यांची फळी, कपाळाच्या बाजू आणि कमरेची हाडे यांवरून हात फिरवून स्नायूंची भर अजमावण्याची पद्धती जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने २०११ च्या पोषणविषयक मार्गदर्शनात पुरस्कारिली आहे. वजन उतरत असेल, तर आहार बदलण्यापूर्वी रक्त व लघवी तपासून घ्यावी. थायरॉईडच्या अतिस्रावात मूत्रपिंडांतून रक्त अधिक वेगाने गाळले जाते, त्यामुळे मूत्रपिंडविकार झाकला जातो आणि ग्रंथीवर उपचार झाल्यावरच तो उघडा पडतो. म्हणून दोहोंची तपासणी एकत्र व पुन्हा पुन्हा व्हावी लागते.

व्यवहारातील आहारयोजना

तयार खाद्य देणे शक्य असेल तेथे 'प्रौढांसाठी संपूर्ण व समतोल' असे खाद्य निवडून त्यातील प्रथिनांचे प्रमाण किमान मर्यादेच्या बरेच वर आहे, याची खात्री करून घ्यावी. ओल्या खाद्यात शेकडा ७५ ते ८० आणि कोरड्या खाद्यात ८ ते १० भाग पाणी असते. म्हणून वेष्टनावरील प्रथिनांच्या आकड्यांची तुलना पाण्याचा अंश वजा करूनच करावी. मांजराला तहान कमी लागते. त्याचा पूर्वज आपले पुष्कळसे पाणी भक्ष्यातूनच मिळवीत असे. मूत्रपिंडे दुबळी झालेल्या किंवा बद्धकोष्ठ असलेल्या वृद्ध मांजराला ओले खाद्य या कारणाने अधिक मानवते. पाण्याची पसरट भांडी अन्नापासून दूर, दोन-तीन ठिकाणी ठेवावीत.

घरचे अन्न द्यायचे असेल तर केवळ मांसही पुरेसे नाही, हे समजून घेतले पाहिजे. १०० ग्रॅम कोंबडीच्या बिनहाडाच्या मांसात २० ग्रॅमांवर प्रथिने मिळतात. परंतु त्यात कॅल्शियमपेक्षा स्फुरद सुमारे पंधरा ते वीस पट असतो, आणि असा आहार दीर्घकाळ चालला तर हाडे पोखरली जातात. टॉरीन पाण्यात विरघळणारे असल्यामुळे मांस उकळून पाणी फेकून दिल्यास ते वाया जाते. पाणी अन्नातच कालवावे. छातीच्या मांसापेक्षा तंगडीच्या मांसात व काळजात, म्हणजे हृदयात, टॉरीन अधिक असते. यकृत रोज देऊ नये. अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने मानेचे मणके जखडतात. कायमस्वरूपी घरगुती आहाराची आखणी पशुपोषणाच्या जाणकाराकडून करून घेणे हाच सुरक्षित मार्ग होय.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील मांजर या बाबतीत देशावरील मांजरापेक्षा भाग्यवान म्हणावे लागेल. बांगडा व तारली यांतून त्याला उत्तम प्रथिने आणि टॉरीन मिळते. तथापि तारलीच्या कुळातील कच्च्या मासळीत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. म्हणून मासळी शिजवून, काटे काढून द्यावी. मीठ लावून सुकविलेली मासळी वृद्ध मांजराला नित्याचे अन्न म्हणून देऊ नये. कांदा व लसूण यांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. म्हणून कालवणातील मासा धुऊन देण्यापेक्षा फोडणीपूर्वी वेगळा काढून ठेवलेला बरा.

देण्याच्या रीतीलाही महत्त्व आहे. दिवसाचे अन्न चार लहान वाट्यांत विभागावे. गंधज्ञान मंद झालेल्या मांजरासाठी अन्न अंगाइतके कोमट केल्यास त्याचा वास उठतो व भूक चाळवते. भांडे जमिनीपासून चार बोटे उंच ठेवल्यास दुखऱ्या मानेला आराम पडतो. नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळून आठ-दहा दिवसांत बदलावे. आजारी मांजरासाठी काही आठवडेही लागू शकतात. पूर्ण एक दिवस मांजराने अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

समारोप

वृद्ध मांजराचा आहार त्याच्या वयावरून ठरत नाही, तर त्याच्या वजनाच्या नोंदीवरून, स्नायूंच्या स्थितीवरून आणि रक्त-लघवीच्या तपासणीवरून ठरतो, असा वरील विवेचनाचा निष्कर्ष आहे. निरोगी वृद्ध मांजराला प्रथिने कमी नव्हेत, उलट भरपूर व सुपाच्य हवीत. रुग्ण मांजराला रोगानुसार बदल हवा. हा निष्कर्ष ज्या आकड्यावर मुख्यतः उभा आहे, तो दोन महिन्यांच्या आणि प्रौढ मांजरांवरील प्रयोगाचा आहे. बारा वर्षांवरील मांजरांचे स्नायू कित्येक वर्षे मोजून तो पडताळण्याचे काम करण्याजोगे आहे. त्यासाठी लागणारी पहिली सामग्री, म्हणजे दरमहा घेतलेल्या वजनाची वही, कोणत्याही पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा मांजर पाळणाऱ्या घरात आजपासून ठेवता येण्यासारखी आहे.